संगमेश्वर तालुक्यातलं खोती गाव, १९२२ च्या फेरफारामागे वंशावळ सरकत नाही. पुढे कुठे बघायचं?

कोंडकर

गाव संगमेश्वर तालुक्यात, पूर्वीचं खोती, म्हणजे सारा खोतामार्फत वसूल व्हायचा. हातात आहे ते एवढंच:

१९५० च्या दशकातला सातबारा, त्यावर आजोबा आणि चुलत आजोबा. त्याआधीचा १९२२ चा एक फेरफार, मजकूर असा: "सोनू बिन राघो मयत. वारस गोविंद अ.पा.क. आई जानकी कोम सोनू." गोविंद म्हणजे आजोबा, सोनू बिन राघो म्हणजे राघोचा मुलगा सोनू, माझे पणजोबा. म्हणजे राघो खापरपणजोबा झाले. त्यामागे काही नाही.

फेरफारात आडनाव कुठेच नाही. घरात सांगतात की आपण मूळचे घाटावरचे. माळ्यावर मोडीतले चार कागद निघालेत, वाचता येत नाहीत. सोनूचा एक भाऊ गिरणीत होता, तो मुंबईतच वारला. राघोचा बाप शोधायला कुठल्या कचेरीत नेमकं काय मागायचं? मोघम "जुने रेकॉर्ड द्या" म्हटलं की "नाही" हेच उत्तर येतं.

---

जुनी सजा

मोघम मागितलं की मोघमच उत्तर येणार. रेकॉर्ड रूममधल्या माणसाला रजिस्टरचं नाव, गाव आणि नंबर लागतो. आडनावावरून तिथं काहीच लावलेलं नसतं.

आधी हातातला फेरफार नीट वाचा, त्यात बरंच आहे. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. गोविंद १९२२ ला अठराच्या आत होता, म्हणजे जन्म १९०४ नंतरचा. त्यावरून सोनू साधारण १८७५ ते ८५ चा आणि राघो १८४५ ते ६० च्या दरम्यानचा धरायला हरकत नाही. म्हणजे पहिली मोजणी आणि खोती कायदा झाला तेव्हा जमीन कसणारा माणूस राघो किंवा त्याचा बाप. तुमचा शोध तिथं न्यायचा आहे.

पण सोनू १९२२ ला वारला असं धरू नका. फेरफाराची तारीख ही नोंदीची तारीख. माणूस गेल्यावर पाच-दहा वर्षांनी, कधी वीस वर्षांनी, भाऊबंदांत कुरबुर झाली की नोंद घालायचे. त्याच्या मृत्यूसाठी गाव नमुना १४ मागा, म्हणजे कोतवाल बुक, जन्म-मृत्यूची नोंदवही. तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. १९२२ पासून मागे या आणि १९१८ चा सप्टेंबर ते डिसेंबर पानन् पान बघा. ती मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ, कारणाच्या रकान्यात नुसतं "ताप" असतं. याच वहीत जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुतेकदा नसतं, कारण बारशाआधीच नोंद व्हायची: बापाचं नाव, जात, "मुलगा" किंवा "मुलगी", बस्स. गोविंद शोधत बसाल तर सापडणार नाही, "सोनू बिन राघो, मुलगा" असं शोधा.

आता जमिनीकडून मागे जाण्याचा रस्ता. आजचा नंबर गट नंबर असेल तर तो जुन्या कागदात चालत नाही. एकत्रीकरण योजनेचा ९(३) ९(४) चा उतारा उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या, त्यात गट नंबरासमोर जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा मिळतो. इथं चुकलात तर पुढचे सगळे कागद शेजाऱ्याचे निघतात, आणि हे फार होतं.

जुना नंबर मिळाला की सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात आकडे असतील ते उतरवून घ्या. ते फेरफार क्रमांक. कंसात टाकलेलं नाव म्हणजे कमी केलेलं नाव, आणि आपल्याला नेमकी तीच नावं हवी असतात. एकेक फेरफार मागत मागे जा. सातबाऱ्याच्या आधीचं कडईपत्रक मागा. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ चा, त्यामुळे फेरफारांची साखळी त्याच्या मागे जात नाही.

त्यामागे खोती गावात बोटखत. १८८० च्या खोती कायद्याखाली सर्व्हे खात्यानं गाववार केलेलं रजिस्टर: कुठला नंबर, कुळ कोण, धारेकरी (ठरलेला सरकारी धाराच देणारा) की साधं कुळ, खोताला काय द्यायचं, म्हणजे अर्धेल (निम्मं पीक) की तिर्धेल (तिसरा हिस्सा). राघो सापडला तर इथं सापडेल, आणि सापडला तर "राघो बिन अमुक" असाच. त्या "बिन"पुढचं नाव म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. अर्जात लिहा: "मौजे अमुक, सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा अमुक, बोटखताची नक्कल मिळावी." तहसीलमध्ये नसेल तर भूमी अभिलेखमध्ये विचारा. तोंडी "नाही" आलं तर माहिती अधिकारात अर्ज टाका. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. त्यात "रजिस्टर उपलब्ध आहे काय, नसल्यास कोणत्या कार्यालयात वर्ग केले" असं विचारायचं. लेखी उत्तर द्यायचं म्हटलं की कपाट उघडतं.

बायकांची नावं मात्र या रस्त्यानं फार थोडी मिळतील. एकत्र कुटुंबात विधवेला हिस्सा १९३७ च्या कायद्यानं आला, मुलींची नावं वारसांत नियमानं दिसतात ती १९५६ नंतर. जानकी दिसली ती अज्ञानाची आई म्हणून.

---

मोडीवाचक

चार कागदांबद्दल. आधी लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. घडीवर फाटलेला कागद पांढऱ्या कागदावर पसरा, खिडकीजवळच्या उजेडात फ्लॅश न वापरता सरळ वरून फोटो काढा, पाठीमागचाही. पाठीवर दोन ओळींत बहुधा कागद कशाचा ते लिहिलेलं असतं आणि लोक तेवढाच फोटो काढायचा विसरतात.

तारीख तुमची तुम्हालाही लावता येईल. शके असेल तर ७८ मिळवा. फसली असेल तर ५९०. अरबी शब्दांत सन लिहिलेला असेल तर तो शुहूर सन, त्यात ५९९. उदाहरणार्थ "तिसा अशर मयातैन व अलफ" म्हणजे ९, १०, २०० आणि १००० मिळून १२१९, म्हणजे १८१८-१९. फसली आणि शुहूर दोन्ही वर्षं मृगाच्या सुमाराला बदलतात, त्यामुळे जानेवारी ते मे मधल्या कागदाला आणखी एक वर्ष मिळवायचं. "छ" अक्षरानंतर आकडा आणि मुसलमानी महिना आला तर ती चंद्राची तिथी.

नावं वाचताना जपा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत, लेखणी न उचलता ओळ पुढे जाते. "ता।" म्हणजे तालुके की तर्फ हे संदर्भावरून ठरवावं लागतं. "बिन" आणि "वलद" दोन्ही "चा मुलगा". "कोम" आणि "जौजे" दोन्ही "ची बायको". राघो, रघू, रामू ही नावं घाईच्या अक्षरात एकमेकांत मिसळतात, म्हणून एकाच वाचकाच्या लिप्यंतरावर वंशावळ उभी करू नका. दुसऱ्याला पहिल्याचं वाचन न दाखवता कागद द्या आणि मग ताडून बघा. कुणबी नोंदींची तपासणी सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांकडे रांगा आहेत, घाईनं वाचलेलंही बरंच फिरतंय. चारच कागद असतील तर स्वतः शिकणं शक्य आहे. पुराभिलेख खातं वर्ग घेतं.

आणि १८१८ च्या मागे जायचं तर पुण्याचं पेशवे दफ्तर. पण तिथं खोत, देशमुख, देशपांडे, शिपाई अशी नावं मिळतात. साध्या कुळाचं नाव सहसा येत नाही. जाण्यापूर्वी तालुक्याची जुनी नावं माहीत करून घ्या. अंजनवेल, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग असे किल्ल्यांच्या नावाचे तालुके होते.

---

कोंडकर

एका कागदावर शके १७९३ स्पष्ट वाचता येतंय, म्हणजे १८७१-७२. त्याखाली नांगराची आकृती काढलेली आहे. ती काय?

---

मोडीवाचक

निशाणी. लिहिता न येणारा कुळवाडी सहीऐवजी नांगर काढायचा, सुतार वाकस, बाईमाणूस बांगडी. शेजारी "निशाणी नांगर, दस्तुर" आणि लिहिणाऱ्याचं नाव असेल. निशाणीच्या डावी-उजवीकडे ज्याची ती निशाणी त्याचं नाव, बापाच्या नावासकट, असायला हवं. त्या ओळीचा वेगळा, जवळून फोटो टाका. बाकीचं नंतर वाचू.

---

तळकोकणी

कागदाचं सगळं बरोबर, पण क्रम उलटा सांगितलात. आधी घराकडच्या म्हाताऱ्यांका इचारा, मगे कचेरीत जावा. आणि "आपले पूर्वज कोण" असं विचारू नका, कोणी घाटावरचा राजाच सांगेल. विचारा: कोणाच्या घरी कोणी वारलं की आपल्याकडे सुतक दहा दिवसांचं, कोणाचं तीन दिवसांचं, आणि कोणाचं पूर्वी धरायचे पण आता सुटलं? दहा दिवसवाली घरं सात पिढ्यांच्या आतली. तीनवाली त्यापलीकडची, पण एकाच मुळाची. हे कागदावर काढलंत की भावकीची झाडं आपोआप उभी राहतात, आणि बोटखतातला दुसरा "बिन" कोणाच्या फांदीचा ते कळतं.

दुसरं, शिमग्यात पालखी कुठल्या घरापासून निघते, नारळाचा मान पहिला कोणाचा, गाऱ्हाण्यात कुठल्या वाडीचं नाव आधी घेतात ते गुरवाकडून लिहून घ्या. मानाचा क्रम सहजी बदलत नाही, बदलला तर भांडण होतं आणि ते भांडण कोर्टात गेलं असेल तर निकालपत्रात वंशावळ असते.

घाटावरून आल्याच्या कथेवर फार विसंबू नका. कोकणातली निम्मी घराणी तेच सांगतात. आडनावाचंही तसंच. शाळेत नाव घालताना मास्तरांनी गावावरून किंवा वाडीवरून लावलेलं आडनाव पुष्कळांचं आहे. गावच्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर बघा, आडनाव पहिल्यांदा कुठल्या साली दिसतं ते कळेल. जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांची, पोराची नव्हे.

हा धागा वाचणाऱ्या सावंतवाडी-कुडाळवाल्यांसाठी: आपला मुलूख १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानात होता, तेव्हा १८८० चा खोती कायदा नि बोटखत आपल्याकडे शोधू नका. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा जंजिरा संस्थानात. मालवण, वेंगुर्ला, देवगड मात्र इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात.

---

जुनी सजा

सुतकाचा मुद्दा मान्य, तो मी सांगायला हवा होता. पण तोंडी वंशावळ आधी घेतली की माणूस कागदात तीच नावं शोधायला लागतो आणि "रघू"चा "राघो" करून मोकळा होतो. दोन्ही स्वतंत्र काढा, मग शेजारी ठेवा.

महार वतन असलेल्या घरांसाठी एक वेगळी सोय आहे. १८७४ च्या वतन कायद्याखालची वतन रजिस्टरं. त्यात वतनदाराचे वारस नावानिशी येतात, खोती गावातल्या कुळापेक्षा नोंद पुष्कळदा जास्त भरलेली असते. इनामवाल्यांनी १८५२ च्या इनाम कमिशनपुढच्या कैफियती शोधाव्यात, बरोबर वंशावळ जोडलेली असते. कुळकायद्याचे ३२-ग चे (कुळानं जमीन विकत घेण्याचे) निकाल अलीकडचे आहेत, पण सगळे वारस एका जागी सापडतात.

जातीच्या दाखल्यासाठी हे चाललं असेल तर एवढं मागे जायची गरज नाही. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची नोंद बघतात. राघोचा बाप तिथं कामाचा नाही.

---

गाळा नंबर सात

गिरणीतल्या भावासाठी. गिरणीचे मस्टर मिळतील ही आशा सोडा. मुंबईत मृत्यू झाला असेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत, पण त्यासाठी साल आणि वॉर्ड लागतो. तो मिळतो गावकीच्या खोलीतून. लालबाग, परळ, डिलाईल रोडला गावागावांच्या खोल्या होत्या, तिथं मंडळाच्या वर्गणीच्या आणि मयत फंडाच्या वह्या असायच्या. कोणाच्या मयताला किती रुपये दिले, कोणत्या तारखेला, गावी पैसे कोणाच्या हाती पाठवले, सगळं लिहिलेलं. खोली विकली तरी वह्या कुठल्यातरी सेक्रेटरीच्या घरी पत्र्याच्या पेटीत असतात. मंडळाच्या आताच्या अध्यक्षाला नको, सगळ्यात जुन्या खजिनदाराला विचारा.

भाऊ १९१४ ते १८ मध्ये पलटणीत गेला असण्याचीही शक्यता तपासा. गावात शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे का बघा, "या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके मेले" अशी. पाटीवर नावं नसतात. नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधायचं, फक्त मेलेल्यांचं मिळतं. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या, त्यामुळे कोकणातली नावं तिथं बरीच. इंग्रजी स्पेलिंग काहीही असू शकतं. भावाचं नाव चार तऱ्हांनी टाकून बघा, बापाचं नाव आणि तालुका जुळतो का ते पाहा.

---

कोंडकर

निशाणीच्या ओळीचा फोटो वर टाकलाय. मला "राघो" वाटतंय, पण वरच्या सूचनेनंतर मी काही बोलत नाही. ९(३) ९(४) साठी सोमवारी देवरुखला जातोय.

---

मोडीवाचक

"निशाणी नांगर" स्पष्ट आहे. त्यापुढचं पहिलं अक्षर "रा", दुसरं "घो" किंवा "मो". मग "बिन", मग "तान" आणि पुढे कागद दुमडलेला आहे. घडी उलगडून, ओला बोटही न लावता, पुन्हा फोटो काढा. तोवर मी "तानू" म्हणणार नाही.