थिबा राजा हद्दपार की तडीपार?

काल आईला घेऊन रत्नागिरीत थिबा पॅलेसला गेलो, ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी हद्दपार करून ठेवलं तिथे. त्या अर्धगोल लाकडी खिडकीतून खाडी बघत आई उभी राहिली आणि म्हणाली, इथून रोज समुद्र बघायचा आणि परत जायचं नाही, किती वाईट. डोक्यातून जातच नाहीये. माणसाला स्वतःच्याच देशातून काढायला कायदा लागत नाही का?

वकीलताई, चिपळूण: तडीपार वेगळं हो. ते महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ खाली, जिल्ह्याबाहेर, जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि आधी नोटीस देऊन म्हणणं ऐकावं लागतं. थिबाला १८८५ मध्ये इंग्रजांशी युद्ध हरल्यावर त्याच्या राजधानीतून, मंडालेहून नेलं, खटला वगैरे काहीच नाही, आणि १९१६ ला वारला तोही रत्नागिरीतच. आज घटनेच्या कलम १९ मुळे देशात राहण्याचा हक्क आहे पण तो फक्त नागरिकाला, परदेशी माणसाला बाहेर काढायचा सरकारचा अधिकार सुप्रीम कोर्टाने १९५५ साली हान्स म्युलर केसमध्ये जवळपास अमर्यादच मानलाय. मला ते अजिबात पटत नाही.

भाट्येकर: रामाच्या वनवासालासुद्धा चौदा वर्षांची मुदत होती, थिबाला तीस वर्षांत कोणी तारीखच सांगितली नाही. पॅलेस १९१० ला झाला म्हणजे राजाला तिथे जेमतेम सहा वर्षं मिळाली. समाधीही गावातच आहे, पुढच्या वेळी आईंना तिकडे नक्की न्या.