बी-304 ची एनओसी (सोसायटी ग्रुपवरची चर्चा, पुणे, जानेवारी 2026)

बी-304 शिंदे वहिनी: नमस्कार मंडळी. रात्री उशिरा लिहितेय, राग मानू नका. आमची पार्टी सोमवारी बँकेत कर्जाची फाइल देणार आहे आणि सोसायटीची एनओसी (ना हरकत पत्र) अजून हातात नाही. आज तोंडी निरोप आला की 25,000 ट्रान्सफर फी आणि वर 1 लाख बिल्डिंग फंड. आम्ही घर का विकतोय ते तुम्हाला ठाऊक आहे. ऑपरेशननंतर यांना तीन जिने चढवत नाहीत, प्रत्येक मजल्यावर स्टूल ठेवलंय. हा लाख कुठल्या ठरावाने?

सी-202 सेक्रेटरी: वहिनी, फोन केला असता तरी चाललं असतं. फंड ऐच्छिक आहे. गच्ची गळतेय, सगळ्यांनी पाहिलंय.

बी-304 शिंदे वहिनी: ऐच्छिक आहे तर एनओसी का अडलीय?

ए-101 कुलकर्णी काका: महापालिका हद्दीत ट्रान्सफर फी 25,000 च्या वर घेता येत नाही. शासनाचं 9 ऑगस्ट 2001 चं परिपत्रक आहे. देणगी, फंड, विकास निधी, कुठल्याही नावाने नाही.

सी-404 पाटील: ⏩ *तातडीचे!! सरकारने इंडेक्सेशन कायमचे बंद केले. 31 मार्चनंतर घर विकल्यास दुप्पट कर. सर्वांना पाठवा.*

बी-102 मोरे: अरे देवा. वहिनी, हे बघा आधी.

ए-302 प्राची: पाटील काका, हा मेसेज चुकीचा आहे. जुलै 2024 च्या बजेटमध्ये घरविक्रीच्या नफ्यावरचा कर 20% ऐवजी 12.5% केला आणि इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरणं) काढलं, हे खरं. पण ऑगस्टमध्ये दुरुस्ती झाली. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घराला दोन्ही पद्धतींनी हिशेब करून कमी येईल तो कर भरता येतो. 1 एप्रिलपासून नवा आयकर कायदा येतोय, त्यात कलमांचे आकडे बदलतील. दुप्पट कर वगैरे काही नाही.

बी-304 शिंदे वहिनी: प्राची, आमचं सांग ना. 2009 च्या दिवाळीत 22 लाखांना घेतलं, आता 85 ला ठरलंय.

ए-302 प्राची: काकू, ढोबळ सांगते. इंडेक्सेशन न घेता नफा 63 लाख, त्यावर 12.5% म्हणजे साधारण 7.88 लाख. इंडेक्सेशन घेतलं तर तुमचे 22 लाख आजचे 55.89 लाख धरले जातात (महागाईचा सरकारी निर्देशांक तेव्हा 148, आता 376). नफा 29.11 लाख, त्यावर 20% म्हणजे 5.82 लाख. जुनी पद्धत घ्या, दोन लाख वाचतात. सेस वेगळा. आणि दोन वर्षांत दुसरं घर घेऊन नफ्याची रक्कम त्यात घातली तर हाही कर लागणार नाही.

बी-304 शिंदे वहिनी: घेणारच आहोत, तळमजल्यावरचं. बाळा, किती दिवस झोप नव्हती गं मला.

सी-404 पाटील: माझ्या मुलाच्या नावावरचा फ्लॅट? तो न्यू जर्सीला असतो.

ए-302 प्राची: काका, ही निवड फक्त भारतात राहणाऱ्यांना. त्याला 12.5% च. शिवाय घेणाऱ्याने त्याचा टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) 1% कापून चालत नाही, अनिवासींचे दर लागतात. सीएला विचारूनच टोकन घ्या.

बी-102 मोरे: मंडळी, बी विंगचा पंप कोणी बंद केला? नळाला थेंब नाही.

सी-202 सेक्रेटरी: वॉचमनला सांगितलंय.

ए-101 कुलकर्णी काका: ट्रान्सफर फी 25,000 च्या वर नाही. 9 ऑगस्ट 2001.

ए-205 अमोल: एक विचारू? आम्ही भाड्याने राहतो, इथंच घर बघतोय. थांबावं का? ऑफिसात म्हणतात भाव पडतील.

बी-102 मोरे: भाव पडतील हे मी 2012 पासून ऐकतोय. थांबलो आणि कोथरूड हातचं गेलं.

ए-302 प्राची: भावाचं मी सांगणार नाही. हप्त्याचं सांगते. 2025 मध्ये रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर आला. 60 लाख, 20 वर्षं, साडेआठऐवजी साडेसात टक्के मिळाले तर हप्ता 52,000 वरून 48,300 च्या आसपास येतो. पण रेडीरेकनर (सरकारने ठरवलेला घरांचा दर) एप्रिल 2025 मध्ये वाढलाय. भाव त्याच्या खाली ठरला तरी मुद्रांक शुल्क रेडीरेकनरवरच.

ए-205 अमोल: घर बायकोच्या नावावर घेतलं तर?

ए-302 प्राची: पुण्यात 7% चं 6% होतं. 85 लाखांवर 85,000 वाचतात. तुझं नाव जोडलंस तर सवलत गेली.

ए-205 अमोल: हे वाचून ती आतून हसतेय 😄

बी-102 मोरे: वहिनी, पार्किंग पण विकताय का? ते लिंबाच्या झाडाखालचं माझ्या मुलाला हवं होतं.

सी-202 सेक्रेटरी: पार्किंग कोणी विकू शकत नाही. ओपन आणि स्टिल्ट (इमारतीखालच्या खांबांमधली) जागा बिल्डरलाही विकता येत नाही, सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये सांगितलंय. वाटप सोसायटी करेल.

ए-101 कुलकर्णी काका: पार्किंगला नियम, तर फीलाही नियम. 25,000.

सी-202 सेक्रेटरी: काका, चौथ्यांदा टाकलंत.

ए-101 कुलकर्णी काका: तिसऱ्यांदा. 2019 मध्ये माझ्या भावाकडून 70,000 घेतले, पावतीवर 'देणगी' लिहिलं. ती पावती कपाटात आहे. तेव्हा गप्प बसलो, आता बसणार नाही.

सी-202 सेक्रेटरी: तेव्हा मी सेक्रेटरी नव्हतो. दोन वर्षं हे काम फुकट करतोय, प्लंबरच्या मागे मीच फिरतो. वॉटरप्रूफिंगला पैसे आणायचे कुठून?

बी-304 शिंदे वहिनी: भाऊ, तुमचे कष्ट दिसतात. यांना ॲडमिट केलं त्या रात्री गाडी तुम्हीच काढलीत, ते विसरले नाही. गच्चीसाठी सभा घ्या, सगळ्यांवर सारखी वर्गणी बसवा. जाईपर्यंत आमचा वाटा आम्ही देऊ. पण जाणाऱ्याला अडवून नको.

ए-205 अमोल: बरोबर आहे.

बी-102 मोरे: सभेला माझा पाठिंबा. पाणी आलं, गढूळ आहे, अर्धा तास भरू नका.

सी-202 सेक्रेटरी: वहिनी, उद्या 10 वाजता ऑफिसात या. शेअर सर्टिफिकेट, ट्रान्सफरचा अर्ज आणि 25,000 चा चेक. एनओसी टाइप करून ठेवतो, चेअरमनची सही संध्याकाळपर्यंत घेतो.

ए-101 कुलकर्णी काका: पावतीवर 'ट्रान्सफर फी' असंच लिहा.

सी-202 सेक्रेटरी: लिहितो, काका.