बाटलीतून थेट मॅल्डी (प्रथिनांवरून जंतूचं नाव ओळखणारं मशीन) लावलं की स्कोअर १.६ वरच का अडतो?

पहाटपाळी
ब्लड कल्चरची (रुग्णाच्या रक्तात जंतू वाढतात का बघायची) बाटली हमखास पहाटे तीनला वाजते, म्हणजे जंतू वाढल्याचा अलार्म होतो. पूर्वी ग्रॅम (जंतू रंगवून स्लाइडवर बघणं) करायचा, प्लेट घासायची आणि पुढचं सकाळच्या पाळीवर सोडायचं. आता मॅल्डी आलंय म्हटल्यावर आयसीयूतून लगेच फोन येतो, "नाव काय?" म्हणून मी कॉलनीची वाट न बघता बाटलीतलं रक्त जेल ट्यूबमध्ये फिरवते आणि जेलवरचा थर उचलून लावते. ई. कोलाय, क्लेबसिएला मस्त येतात. पण ग्रॅम पॉझिटिव्ह कोकाय (गोल जंतू) असले की स्कोअर १.५, १.६, आणि नाव पक्कं धरायला तर २ लागतो. काल तर आलेखात एकही पीक (शिखर) नाही. कुठे चुकतंय?

मधलीसुट्टी
मल्टिप्लेक्स पीसीआर (एका वेळी ठरावीक जंतूंच्या पॅनलची जीन शोधणारी चाचणी) घ्या. तासाभरात नाव, वर मेक-ए (मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देण्याचं) जीन आहे की नाही तेही कळतं.

जुनीस्लाइड
पीसीआर चांगलंच, पण पॅनलमध्ये नसलेला जंतू त्याला दिसतच नाही. आणि प्रत्येक बाटलीला ते लावायला परवडलं पाहिजे.

पहाटपाळी, थर कुठल्या रंगाचा असतो? माझा पहिला महिनाभर गुलाबी यायचा आणि मी मशीनला शिव्या घालायचो. तो गुलाबी म्हणजे हिमोग्लोबिन. मॅल्डी बघतं २ ते २० किलोडाल्टनमधली प्रथिनं, बहुतेक रायबोसोमची. हिमोग्लोबिनच्या साखळ्या १५-१६ किलोडाल्टनच्या, म्हणजे बरोबर तिथेच येऊन बसतात. डिस्टिल्ड वॉटरने पांढरट होईपर्यंत धुवा. धुताना थोडे जंतू जातात, जाऊ देत.

दुसरं, कोकायची भिंत जाड. नुसत्या मॅट्रिक्सने (मॅल्डीसाठी ठिपक्यावर टाकायचं द्रावण) ती फुटत नाही. ठिपका वाळला की ७० टक्के फॉर्मिक अ‍ॅसिड १ मायक्रोलिटर, ते वाळलं की मग मॅट्रिक्स. घाईत ओल्यावरच मॅट्रिक्स टाकू नका (मी टाकलंय).

तरी अडलं तर चॉकलेट अगारवर जाड घासा आणि ४ ते ६ तासांनी बघा. कॉलनी नसतात, पण प्लेट उजेडात तिरकी धरली की काचेवर वाफ धरल्यासारखा थर दिसतो. तो खरवडून लावा.

१.६ वालं नाव मात्र फोनवर सांगू नका. एकदा कानावर पडलेलं नाव वॉर्डातून परत घेता येत नाही. "ग्रॅम पॉझिटिव्ह कोकाय, घोसात" एवढं वीस मिनिटांत सांगता येतं, ते आधी सांगा. किती बाटल्या वाजल्या तेही सांगा. चारपैकी एकीतच कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ असेल तर तो बहुधा कातडीवरचा, बाटलीत शिरलेला.

मधलीसुट्टी
आणि स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनिए दाखवलं तर बाइल सोल्युबिलिटी (जंतू पित्तक्षारात विरघळतो का ते बघणं) केल्याशिवाय सोडू नका. त्याच्या जवळच्या मायटिस गटातल्या जंतूंशी गल्लत होते.

पहाटपाळी
गुलाबीच होता हो! काल रात्री दोनदा धुतला, फॉर्मिक लावलं. स्टॅफ ऑरियस, २.०४. फोन केला तर पलीकडून पहिला प्रश्न, "मेथिसिलिन रेझिस्टंट आहे का?" आता ते मॅल्डीच्या नावावरून कसं सांगणार!

जुनीस्लाइड
त्याच बाटलीतलं म्युलर-हिंटन अगारवर पसरून सेफॉक्सिटिनची डिस्क ठेवा, मेथिसिलिनचं उत्तर तिच्यावरून कळतं. युकास्टची (अँटिबायोटिक चाचण्यांचे निकष ठरवणारी युरोपातली समिती) रॅस्ट ही थेट बाटलीतून करायची जलद पद्धत वाचा, ४, ६ आणि ८ तासांना झोन (डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ) मोजतात. ब्रेकपॉइंट (झोन किती असला की रेझिस्टंट म्हणायचं ते आकडे) मात्र रॅस्टच्याच तक्त्यातले घ्या, नेहमीचे नकोत. चार तासांना कड पुसट असेल तर ओढूनताणून मोजू नका, परत इन्क्युबेटरमध्ये टाका.