अनुपमा कुंडूंचं काम बघा

घरं, नगररचना आणि पर्यावरणस्नेही बांधकाम हे सगळं एकाच नवख्या आर्किटेक्टला कसं जमेल, पोर्टफोलिओ फुगवलेला असणार, अशी शंका कुणीतरी घेतली. असतोही कधीकधी! पण अनुपमा कुंडूंचं सुरुवातीचं काम बघा. जन्म पुण्याचा, शिक्षण मुंबईच्या जे.जे.त आणि १९९० मध्ये थेट ऑरोविल, म्हणजे पुदुच्चेरीजवळची प्रयोगशील वसाहत. तिथं त्यांनी स्वतःसाठी 'वॉल हाउस' बांधलं (२०००): स्थानिक पातळ विटा, स्लॅबमध्ये मातीची मडकी, म्हणजे काँक्रीट तेवढंच कमी. ऑरोविलच्या नगररचनेवरही त्यांनी काम केलंय.

मला मात्र पुदुच्चेरीतली बेघर मुलांसाठीची घरं जास्त भावतात. तंत्र सिरॅमिक कलाकार रे मीकर यांचं. कच्च्या विटांचं घुमटाकार घर उभं करायचं, जोडणीही मातीचीच. मग आत आणखी कच्च्या विटा रचायच्या आणि घरालाच भट्टी करून काही दिवस जाळ घालायचा. भिंती पक्क्या होतात, आत भाजलेल्या विटा वापरता येतात. जळण लागतंच, त्यामुळे हे सरसकट कुठेही चालेल असं नाही. तरी गच्चीवर सोलर पॅनेल टाकून 'ग्रीन' म्हणवणाऱ्या टॉवरपेक्षा यात डोकं नक्कीच जास्त लावलंय.