अनुभव धागा : घरात कायमची जागा मिळवलेली गॅजेट्स आणि सॉफ्टवेअर

कोथरूड (धागा काढतोय)

बरेच दिवस मनात होतं, आज काढतोच. स्पेक्स आणि अनबॉक्सिंग व्हिडिओत ढिगाने मिळतं, ते इथे नको. तुम्ही स्वतः खोललेली, जोडलेली, बसवलेली एखादी वस्तू किंवा सॉफ्टवेअर, जे नव्याची नवलाई संपल्यावरही घरात रोज काम करतंय, त्याबद्दल लिहा. नेमकं कुठलं काम करतं, कशावर अडलं, आपल्याकडचा पावसाळा आणि लाइट जाणं त्याला झेपतं का, एवढं आलं तरी पुष्कळ. माझं मत आधीच सांगून टाकतो, छोटं आणि ठरावीक काम दिलेली वस्तूच टिकते, बाकीच्या हौसेने आणलेल्या गोष्टी माळ्यावर जातात. नावाऐवजी पुण्यातला आपला भाग नुसता लिहिलात तरी चालेल.

सुरुवात मी करतो. आईबाबांचा लॅपटॉप, सहाव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, चालू केल्यावर माऊस हलायलाच वेळ लागायचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी नि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणजे तो रस्ता बंद, आणि दुकानात विचारलं तर नवीन घ्या. पण मशीन धडधाकट होतं, अडत होती ती हार्ड डिस्क. ५४०० आरपीएमची डिस्क एखादी मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला शंभरेक एमबी देते सुद्धा, पण सुरू होताना हजारो बारक्या फाइली कुठून कुठून उचलायच्या असतात, प्रत्येक वेळी हेडला सरकत तिथे जावं लागतं, आणि सगळा वेळ तिथे जातो. एसएसडीत सरकणारं हेडच नसतं, आणि २.५ इंची साटा एसएसडी त्याच जागेत बसते. मागचे स्क्रू काढले, जुनी डिस्क काढून एसएसडी लावली, शेजारच्या रिकाम्या स्लॉटमध्ये अजून चार जीबी रॅम टाकली, आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवाली. बाबांनी नोकरीत असताना इनस्क्रिप्ट ही मराठी टायपिंगची पद्धत शिकून घेतली होती, तो कीबोर्ड सेटिंगमध्ये नुसता निवडला की झालं, काही उतरवायला लागलं नाही. आता आई त्यावर कीर्तनं ऐकते आणि बाबा सोसायटीची पत्रं टाइप करतात. जुन्या लॅपटॉपवर एक रुपया घालायचा असेल तर तो एसएसडीवर घाला, हे मी भेटेल त्याला सांगतो.

धायरी

आमच्याकडे पाणी म्हणजे टँकर. टाकी किती भरलीये बघायला वॉचमनकाका गच्चीवर चढून झाकण उघडायचे, रात्री टँकर आला तर बॅटरी हातात धरून, पावसात शेवाळावरून, ते मला बघवत नव्हतं. म्हणून ईएसपी८२६६ चा छोटा वायफायवाला बोर्ड आणि जेएसएन-एसआर०४टी हा वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला. तत्त्व सोपं आहे, सेन्सर आवाज सोडतो, तो पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर एक मीटरवरून परत यायला सहा मिलिसेकंदांच्या जरा आतच वेळ लागतो.

खरी गंमत पुढे आहे. एक तर या सेन्सरला अगदी जवळचं दिसत नाही, पहिले वीस-पंचवीस सेंटिमीटर आंधळे. टाकी काठोकाठ भरत आली की आकडा वेडावाकडा उड्या मारतो, आणि आपल्याला तर नेमकं तेव्हाच कळायला हवं असतं. त्यावर उपाय म्हणून झाकणाला भोक पाडून वर एक रुंद प्लास्टिकचा डबा पालथा घट्ट बसवला आणि सेन्सर त्याच्या बुडाला लावला, म्हणजे तेवढं अंतर वरच निघून जातं. दुसरं, सेन्सर पाच व्होल्टवर आणि बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या, म्हणून सेन्सरकडून बोर्डाकडे येणाऱ्या 'एको' वायरीवर एक किलोओहम आणि दोन किलोओहमचा, व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर टाकला, हे टाळू नका. तिसरं तापमान. हवा एक डिग्री तापली की आवाजाचा वेग सेकंदाला ०.६ मीटरने वाढतो. एप्रिलच्या दुपारी काळ्या टाकीच्या आतली हवा चाळीसच्या घरात गेली की वेग ३५५ च्या आसपास जातो, म्हणजे दीड मीटर अंतरात पाचेक सेंटिमीटरचा फरक पडतो आणि टाकी आहे त्यापेक्षा जास्त भरलेली दिसते. त्यासाठी शेजारी डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर लावला आणि वेग त्यावरून काढला, मग आकडा मोजपट्टीशी जुळायला लागला. पाणी ठरावीक खुणेखाली गेलं की टेलिग्रामवर कमिटीच्या ग्रुपला मेसेज जातो. वॉचमनकाकांच्या फोनवर पण आहे आणि ते आता रात्री वर जात नाहीत.

हडपसर

छोटंच सांगते. साधा डिजिटल मल्टिमीटर, पण कपॅसिटन्स मोजणारा घ्या. पंखा हळू फिरायला लागला की नव्वद टक्के लोक रेग्युलेटर बदलतात किंवा पंखाच. मेन स्विच बंद करून वरच्या कपातला कपॅसिटर काढा, त्याची दोन टोकं एकमेकांना टेकवून डिस्चार्ज करा आणि मोजा, वर २.५ मायक्रोफॅरड लिहिलेलं असतं आणि मीटर दीड-पावणेदोन दाखवत असेल तर बदला. इलेक्ट्रिकच्या सामानाच्या तपकीर गल्लीत शंभर रुपयांच्या आत मिळतो. आमच्या बिल्डिंगमधल्या कितीतरी काकूंचे पंखे असे परत जोरात फिरायला लागलेत.

नारायण पेठ

मी डीटीपी करते, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावते, आमच्या गल्लीत जन्म गेला म्हणाना. आमच्याकडे जुनं काम सगळं श्रीलिपीत नाहीतर आयएसएमच्या फॉन्टमध्ये, आणि दोन्ही इथलीच, श्रीलिपी मॉड्युलर इन्फोटेकची आणि आयएसएम सी-डॅकचं. त्या काळात त्यांनी मराठी छपाई अक्षरशः उभी केली, त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या फाइली आज दुसऱ्या मशीनवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, कारण त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले होते. एका संस्थेच्या तीस वर्षांच्या स्मरणिका अशा अडकल्या होत्या आणि त्यांना त्या वेबसाइटवर, शोधता येतील अशा हव्या होत्या.

ऑनलाइन कन्व्हर्टर आहेत, पण प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा, त्यामुळे भाच्याला शेजारी बसवून पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. नुसता ह्या चिन्हाला हे अक्षर असा तक्ता करून भागत नाही. 'निर्मिती' शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये जसं दिसतं तसं साठवलेलं असतं, म्हणजे आधी पहिली वेलांटी, मग न, मग परत पहिली वेलांटी, मग म, मग त्याच्या डोक्यावरचा रफार, मग त, मग दुसरी वेलांटी. युनिकोडला, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीला, उच्चाराचा क्रम लागतो, न नंतर वेलांटी, मग र आणि हलन्त, मग म, मग त्याची वेलांटी. म्हणजे वेलांटी एका घरानंतर न्यायची आणि रफार उचलून घराच्या आधी आणायचा, आणि ते घर म्हणजे एक अक्षर नव्हे तर अख्खं जोडाक्षर, नाहीतर 'स्थिती' फुटते. शिवाय 'दऱ्या' मधला र आणि 'दर्या' मधला र वेगळे ठेवायचे. भाचा कोड लिहीत होता आणि मी कुठलं जोडाक्षर कुठे मोडेल ते सांगत होते, अशी आमची जोडी जमली. तक्ता एकदा नीट बसला की अख्खी स्मरणिका काही सेकंदांत होते. प्रूफ मात्र मी ओळ न् ओळ वाचते, ते मशीनवर सोडणार नाही. आता संस्थेतल्या कुणाला आजोबांचं नाव शोधायचं असेल तर टाइप करतात आणि १९९४ च्या अंकातलं पान समोर येतं. कुणाकडे अशा जुन्या फाइली असतील तर फेकू नका, आणि मूळ फॉन्टची फाइल पण जपून ठेवा, तिच्यावरूनच तक्ता बनतो.

वारजे

राउटरचा मिनी यूपीएस. गुरुवारी लाइट गेली की ऑफिसची मीटिंग पण जायची, आता जात नाही. घेताना डब्यावरचे एमएएच बघून भुलू नका, ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात. चार सेल, प्रत्येकी २०००, म्हणजे साधारण ३० वॉट-तास. राउटर आणि फायबरचा डबा एकच असेल तर ८ वॉट धरा, रूपांतरात थोडं जातं, तीनेक तास मिळतात. राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट आहे की ९ ते वाचून मगच घ्या. बास.

सहकारनगर

वरच्या स्मरणिका वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्याकडे आमच्या गाण्याच्या बाईंच्या तालमीच्या कॅसेट आहेत, ऐंशीच्या दशकात क्लासमध्ये टेप ठेवून केलेल्या, बाई आता नाहीत. त्या कॉम्प्युटरवर घेताना जे शिकले ते इथे देते.

डेक चांगला हवा, यूएसबीवाला स्वस्त वॉकमन नको. मी जुन्या बाजारातून डेक आणला, त्याचा रबरी पट्टा पार चिकट झाला होता, तो बदलून घेतला. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, कापसाची काडी तपकिरी यायची थांबेपर्यंत. मग हेडच्या बाजूला एक बारका स्क्रू असतो, त्याने हेडचा कल बदलतो. टेप वाजत असताना तो केसभर केसभर फिरवायचा आणि जिथे तबल्याची चाट सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल तिथे थांबायचं. हे प्रत्येक कॅसेटला वेगळं, कारण प्रत्येक वेगळ्या टेपरेकॉर्डरवर भरलेली. पहिल्यांदा तो आवाज उघडला ना, काचेवरची धूळ पुसल्यासारखा, मी तशीच बसून ऐकत राहिले.

रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवायचं फ्लॅक फाइलमध्ये, तिच्यात आवाजातलं काही गळत नाही. ऑडॅसिटीतलं नॉइज रिडक्शन जपून वापरा. खरखर जावी म्हणून जोरात लावलं की तानपुरा जातो, कारण तानपुऱ्याचा अखंड नाद सॉफ्टवेअरला खरखरीसारखाच वाटतो. सॉफ्टवेअरला खरखरीचा नमुना द्यायचा तो टेपच्या सुरुवातीच्या रिकाम्या जागेचा, तानपुरा सुरू व्हायच्या आधीचा, आणि सहा डेसिबलच्या पुढे मी जात नाही. थोडी खरखर राहू दे.

वेगाचं तर फारच महत्त्वाचं. बाईंचा सूर पेटीवरची काळी चार, आणि काही टेप वाजायच्या जवळजवळ पांढरी सहाला, म्हणजे टेप पाच-सहा टक्के जोरात पळतेय. पेटीवर कान लावून जुळवता येतं, पण त्याहून पक्की एक युक्ती आहे. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये घरातल्या विजेची गुणगुण हलकीशी उतरलेली असते, आपल्याकडे ती ५० हर्ट्झ किंवा तिची दुप्पट. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम काढून बघा, तो उंचवटा ५३ वर दिसत असेल तर टेप तेवढीच जोरात आहे, त्या हिशोबाने वेग कमी करा. मात्र तुमच्या स्वतःच्या डेकची गुणगुण त्यात मिसळत नाहीये ना, हे कॅसेट न लावता एकदा तपासून घ्या. यमनची ती तालीम बरोबर काळी चारला आल्यावर मी बाईंच्या मुलीला पाठवली.

कात्रज

ओएसएमअँड हे नकाशाचं अ‍ॅप, ट्रेकसाठी. महाराष्ट्राचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवायचा, मग रेंज नसली तरी चालतं, जीपीएसला नेटवर्क लागत नाही, फोन फक्त उपग्रहांचे सिग्नल ऐकत असतो. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाताना धारेवर ढग बसले की पुढचा माणूस दिसत नाही, तिथे स्क्रीनवरची पायवाट खरंच आधार देते. फोन एअरप्लेन मोडवर टाका, बॅटरी दिवसभर पुरते. उंचीचा आकडा मात्र जपून घ्या, जीपीएस आडव्या अंतरात जेवढं अचूक तेवढं उंचीत नसतं. पायवाटा कुणीतरी चालून ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर टाकलेल्या आहेत म्हणून आपल्याला दिसतात, तेव्हा तुम्हाला पाण्याचं टाकं सापडलं तर ते पण टाका. ऐन उन्हाळ्यात जाणाऱ्याला ते फार उपयोगी पडतं.

बाणेर

धायरीवाले, आमची टाकी अकराव्या मजल्याच्या वर आहे, गच्चीवर कुणाचंच वायफाय पोचत नाही. काय करू?

धायरी

दोन मार्ग आहेत. वरच्या मजल्यावरचं कुणी वायफाय द्यायला तयार असेल तर बाहेरच्या अँटेनाचा ईएसपी३२ घ्या, आणि ते २.४ गिगाहर्ट्झवरच असू दे, या बोर्डांना पाच चालत नाही. तसं कुणी नसेल तर लोरा, म्हणजे थोडा डेटा लांबवर पाठवणाऱ्या रेडिओ मॉड्युलची जोडी, एक टाकीपाशी, एक वॉचमनच्या केबिनमध्ये. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरता येतो, ८६८ म्हणून विकतात ते मॉड्युल सेटिंग बदलून त्यात आणता येतं. डेटा अगदी थोडा जातो पण आपल्याला पाठवायचा तरी कितीसा, पाण्याचा एक आकडा. अँटेना जोडल्याशिवाय मॉड्युल चालू करू नका, आतला ट्रान्समीटर जळू शकतो. टाकीपाशी वीज आहे का ते सांगा, नसेल तर सोलरचं बघावं लागेल.