मदत हवी आहे: आईला घेऊन वाईला, दोन दिवस

येत्या शनिवार-रविवारी आईला घेऊन पुण्याहून वाईला जातोय. तिचं माहेर गंगापुरीतलं. वाडा पडून आता तिथे इमारत झाली, पण मामी आणि मामेभाऊ तिथेच राहतात. आईला गुडघ्यांमुळे पायऱ्या जमत नाहीत आणि ढोल्या गणपतीइतकीच तिला मेणवलीच्या घाटावरची, १७३९ च्या वसई मोहिमेतली पोर्तुगीज घंटा बघायची आहे. (हात पुरायचा नाही म्हणून आजोबा उचलून धरायचे म्हणे.)

मेणवलीत गाडी घाटाच्या किती जवळ जाते? कमी पायऱ्यांची वाट आहे का? आणि रविवारी महाबळेश्वरहून परतणारी गर्दी टाळायला वाईतून कधी निघावं? मामी जेवल्याशिवाय सोडणार नाहीत, हे धरूनच वेळ सांगा.