शब्दचर्चा: हिमनदी 'मागे सरकते' की 'आखडते'?

फोंड्याची बाई
शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांचे तक्ते तपासतेय. एका मुलीने लिहिलंय, 'तापमानवाढीमुळे हिमनद्या मागे सरकत आहेत.' आमच्या भूगोलाच्या सरांनी लाल शाईने ते खोडलं. म्हणे, हिमनदी कधीच मागे सरकत नाही. अहो, मी तर वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात हेच वाचत आलेय! 'माघार घेते', 'मागे हटते', सगळंच चूक? शब्द सुचवा, तक्ता सोमवारी लावायचाय.

डोंगरवाट
सरांचं बरोबर आहे, बाई. बर्फ उताराने खालीच येत राहतो, अगदी जोरात वितळत असतानासुद्धा. स्वतःच्या वजनाखाली दबून तो आतल्या आत सरकतो, आणि तळाशी पाणी असलं तर खडकावरून घसरतोही. मधला भाग काठांपेक्षा जोरात जातो. वरून जेवढा बर्फ पोचतो त्याहून जास्त तोंडाशी, म्हणजे खालच्या टोकाला, वितळला, की तोंड वर वर जातं. खाणीवरचा खनिजाचा पट्टा बघितलाय ना? पट्टा पुढेच चालतो, पण टोकाचा ढीग ट्रकवाल्यांनी भराभर उचलला तर ढिगाची कड मागे येते. तेव्हा 'हिमनदीचं तोंड मागे गेलं' असं लिहा. गंगोत्री हिमनदीच्या तोंडाला आपण गोमुख म्हणतोच की.

जुना पणजीकर
एवढं लांबलचक कशाला? मांडवीकाठच्या माणसाला 'ओहोटी' कळते. हिमनदीला ओहोटी लागली. संपलं.

डोंगरवाट
पणजीकरकाका, ओहोटीत पाणीच माघारी फिरतं. म्हणजे सरांची लाल शाई परत तिथेच.

मीठभाकर
'आखडली' म्हणा. हात आखडतो तशी.

फोंड्याची बाई
'आखडली' आवडला. पण 'आटली' का नको? नदी आटतेच.

डोंगरवाट
दोन्ही ठेवा, अर्थ वेगळे आहेत. लांबी कमी झाली तर आखडली, जाडी कमी झाली तर आटली. हिमालयात कित्येक हिमनद्यांवर दगडगोट्यांचं जाड पांघरूण असतं. त्याखाली ऊन पोचत नाही, त्यामुळे तोंड बरीच वर्षं जागच्या जागी राहतं आणि बर्फ मात्र पातळ होत जातो. उलट दगडमातीचा थर अगदी पातळ असला तर तो तापतो आणि बर्फ जास्तच वितळतो. नुसतं तोंड बघून हिमनदीची तब्येत सांगणाऱ्या बातम्या मी म्हणूनच अर्ध्यावर सोडतो.

हिशेबनीस मडगाव
ती तब्येत मोजण्यासाठी एका लेखात 'हिमताळेबंद' वाचला. चूक! ताळेबंद म्हणजे अमुक तारखेला शिल्लक किती. वर्षात आलं किती, गेलं किती, तो जमाखर्च. इथे वर्षाचाच हिशेब आहे ना?

डोंगरवाट
हो, वर्षाचाच. जमेला पडणारं हिम, वाऱ्याने उडून आलेलं हिम, वरून कोसळणारे हिमलोट. खर्चाला वितळणं, थेट वाफ होऊन जाणं, आणि हिमनदी तळ्यात किंवा समुद्रात संपत असेल तर टोकाचे बर्फाचे कडे तुटणं. बर्फात बांबू रोवून ठेवतात आणि तो किती उघडा पडला ते मोजतात. हिमाचलात लाहौलच्या छोटा शिग्री हिमनदीवर 2002 पासून हा हिशेब चालू आहे. वास्कोच्या सड्यावर जे ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, त्यांनीही 2016 मध्ये स्पितीत 'हिमांश' नावाचं ठाणं उभारलं, 13,500 फुटांच्या वर.

हिशेबनीस मडगाव
वर्ष कधी संपतं? 31 मार्चला?

डोंगरवाट
तिकडे साधारण सप्टेंबरअखेर. वितळणं थांबल्यावर वही मिटायची.

शुद्धलेखक
सगळे 'बर्फ बर्फ' काय करताय? शब्द फारसी आहे. 'हिम' हा आपला शब्द असताना उसनवारी कशाला?

मीठभाकर
कारण दोन वस्तू वेगळ्या आहेत! भुरभुरतं ते हिम, घट्ट झालेला तो बर्फ. एक शब्द पुसलात तर हिमनदी कशी बनते तेच सांगता येणार नाही. आणि मधल्या अवस्थेला, म्हणजे एक उन्हाळा तग धरून दाणेदार झालेल्या हिमाला, शब्दच नाही. मी 'शिळं हिम' म्हणते. त्यातल्या हवेच्या वाटा बंद झाल्या की झाला बर्फ.

शुद्धलेखक
'शिळं' हा शब्द शास्त्रीय लेखनात शोभत नाही. 'जीर्णहिम' करा.

मीठभाकर
करा आणि तुम्हीच वाचा.

जुना पणजीकर
कडे तुटण्याला इंग्रजीत गाईने वासरू देण्याचा शब्द आहे. मग आपण 'हिमनदी व्याली' का म्हणू नये? वासरू म्हणजे हिमनग. निदान पोरं हिमनग आणि हिमनदी यांत घोळ घालायचं तरी थांबतील.

शुद्धलेखक
शाळेच्या तक्त्यावर 'व्याली'? सर दुसरी लाल शाईची बाटली आणतील.

वास्कोची सून
फारसीवरून वाद घालताय म्हणून सांगते. माझी सासू बर्फाला 'झेल' म्हणायची. पोर्तुगीज जेलूवरून. मी घाटावरची, मला वाटायचं काहीतरी झेलायला सांगतेय.

जुना पणजीकर
आमच्या घरातही तोच शब्द. जेटीवर मात्र मासळीवाले 'बर्फाची लादी' म्हणतात.

शुद्धलेखक
चला, 'लादी' तरी आपली आहे.

वास्कोची सून
कुठली? लादी म्हणजे फरशी, तीही पोर्तुगीजच. लाद्रिल्यू.

शुद्धलेखक
काहीही! ती 'लादणे' वरून आली. हातगाडीवर लादतात ती लादी.

हिशेबनीस मडगाव
मग पावाची लादी कशावर लादतात?

फोंड्याची बाई
देव बरें करूं सगळ्यांचं. मी 'तोंड मागे गेलं' लिहितेय. 'आखडली' सरांना विचारून बघते.

शुद्धलेखक
पावाची लादी हा निराळा शब्द आहे. सविस्तर लिहितो, थांबा.